बिला-इत्तिला

माझ्या ऑफिसातला संगणक आता फार सभ्य झाला आहे. स्वतःला बंद करून पुन्हा सुरू व्हायचं असलं की तो आधी कोपऱ्यात चिठ्ठी दाखवतो. आत्ता जाऊ, तासाभराने जाऊ, की तुम्ही घरी गेल्यावर जाऊ, असं विचारतो. माझ्या हाताखालची मुलं त्या चिठ्ठीवर वैतागतात, न वाचताच तिला बाजूला सारतात. मी मात्र हातातलं काम थांबवून ती शेवटपर्यंत वाचते. ही सवय मला अंबरपेठेतल्या एका माणसामुळे लागली, आणि तिच्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

त्यांच्या घराच्या माडीवर मी पावणेदोन वर्षं भाड्याने राहिले. पुण्याहून पहिल्या नोकरीसाठी हैदराबादला आले होते. आमची सॉफ्टवेअर कंपनी हिमायतनगरात एका इमारतीच्या दोन मजल्यांवर होती आणि तिसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. शहराच्या पश्चिमेला तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमचे साहेब रोज "आपणही तिकडे जाणार" म्हणत होते. घर मिळालं ते ओळखीतल्या ओळखीतून. मराठी घर आहे, जेवणाची सोय होईल, एवढंच मला सांगितलं होतं. मालक कसे आहेत ते कोणी सांगितलं नव्हतं.

गल्लीत सगळे त्यांना स्टेनोसाब म्हणत. मी काका म्हणू लागले. सरकारी खात्यात अडतीस वर्षं त्यांनी लघुलेखक म्हणून काढली होती. साहेब बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं आणि टाइप करून पुढे ठेवायचं. उंच, वाळलेले, कायम पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. खिशात दोन पेन्सिली, दोन्ही बाजूंनी टोक केलेल्या. एक टोक मोडलं तर साहेब थांबत नाही, असं ते सांगत. साहेब सोडून दहा वर्षं झाली होती, पण पेन्सिलींना ते माहीत नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसले होते. बोलता बोलता काका एकदम मोठ्याने म्हणाले, "मी उठायलोय."

मी इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "हौ, उठा."

मग ते उठले. भिंतीपाशी गेले. "मी दिवा लावायलोय."

"हौ, लावा."

मला वाटलं, हे दोघं माझी थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. त्या घरात कुठलीही गोष्ट सांगितल्याशिवाय होत नसे. मिक्सर लावायच्या आधी "मोठा आवाज व्हायलाय" अशी वर्दी. खिशात किल्ली असली तरी स्वतःच्याच दाराला बाहेरून तीन टकटक. मला जिन्यावर टाइप केलेली चिठ्ठी मिळायची: "उद्या सकाळी सहा ते सात टाकीत पाणी राहणार नाही. कळावे." तिची कार्बन कॉपी फायलीत लावलेली असायची, ती त्यांनी मला एकदा अभिमानाने दाखवली.

यासाठी त्यांच्याकडे एक शब्द होता. त्यांचे वडील जुन्या राजवटीत महसूल कचेरीत कारकून होते. हजेरीच्या वहीत न कळवता दांडी मारणाऱ्याच्या नावापुढे उर्दूत शेरा पडायचा, 'बिला-इत्तिला गैरहाजर'. इत्तिला म्हणजे वर्दी, सूचना. बिला-इत्तिला म्हणजे तिच्याशिवाय. वडिलांनी तो शेरा इतक्यांच्या नावापुढे लिहिला होता की घरात तो शिवीसारखाच वापरला जाई. वीज गेली, बिला-इत्तिला. पाहुणे आले, बिला-इत्तिला. कुणी गेल्याचं कळलं तरी काका आधी विचारायचे, "आजारी होते का, बिला-इत्तिला गेले?"

मी पुण्याची, जिभेला धार असलेली. एकदा म्हटलं, "काका, शिंक आली तर काय करता?"

ते गंभीरपणे म्हणाले, "शिंक स्वतः इत्तिला देती पोरी. आधी नाकात हुळहुळतं. शिंकेइतकी अदब माणसांत नाही."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे कानावर पडेल ते उतरवणं. सुलतान बाजारातल्या एका जुन्या दुकानातून ते वरून उलटायच्या वह्या डझनाने आणत. अफझलगंजच्या बसथांब्यावर बाकावर बसून कंडक्टरांच्या आरोळ्या उतरवत. दोन रिक्षावाल्यांचं दख्खनीतलं भांडण त्यांनी पहिल्या शिवीपासून तडजोडीपर्यंत घेतलं होतं. गल्लीत भाजीवाली यायची, ती तेलुगूत ओरडायची. काकांचं तेलुगू बेताचंच, पण ते तिची अख्खी हाळी घेत आणि जेवताना आम्हाला वाचून दाखवत, तिच्याच सुरात, मधल्या खोकल्यासकट.

"अर्थ काय याचा?" मी विचारायचे.

"अर्थाची मला काय गरज? शॉर्टहँड आवाजाची असती, भाषेची नाही. कानातून आलं की हातात गेलं. डोकं मध्ये नक्को. डोकं मध्ये आलं की स्पीड गेला." मग हळूच, "एकशेवीसचा होता माझा. मिनिटाला एकशेवीस शब्द."

"मग काकूंचं बोलणंही असंच ऐकता का?"

आतून काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं असंच ऐकायलेत."

आम्ही तिघं खूप हसलो होतो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

काकू ठेंगण्या, गोऱ्या, पायांनी जरा अधू. मूलबाळ नव्हतं. मराठी शाळेत त्यांनी लहान वर्गांना शिकवलं होतं. मला त्या वाढता वाढता शुद्धलेखन विचारत आणि चुकलं तर तूप कमी घालत. मी तिथे राहायला जायच्या काही महिने आधीपासून त्यांना झटके येऊ लागले होते. उभ्या असतील तिथे डोळे स्थिर व्हायचे, मान एका बाजूला वळायची आणि मग कोसळायच्या. दोन-तीन मिनिटांनी भानावर आल्या की विचारायच्या, "मी कधी बसले खाली?" मधलं काही आठवत नसे. एकदा मनगट मोडलं, एकदा कपाळावर टाके पडले.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. त्याने गोळ्या दिल्या आणि काकांना सांगितलं, "झटका यायच्या आधी पेशंटला बऱ्याचदा काहीतरी जाणवतं. कुणाला भलतंच दिसतं, कुणाला भलतंच वाटतं. कधी त्यांना स्वतःला ते नंतर आठवत नाही. त्या आधी काय करत होत्या, काय म्हणाल्या, सगळं लिहून ठेवा. ती खूण सापडली तर त्या क्षणी त्यांना खाली बसवता येईल. नाही सापडली तर मात्र त्यांना शेगडीपाशी जाऊ देऊ नका."

काकूंनी शेगडी सोडायला साफ नकार दिला. "शाळा गेली, बाजार गेला, आता चूल पण जाऊ द्या. मग मला खुंटीला टांगून ठेवा," असं त्या म्हणाल्या. तेव्हा काकांपुढे एकच काम उरलं, खूण शोधायचं. अडतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं उतरवलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी उतरवायचं होतं. काका बाहेरच्या खोलीत दार उघडं टाकून बसायचे. तिथून स्वयंपाकघराचा ओटा बारा पावलांवर होता. ती पावलंही त्यांनी मोजून लिहिली होती.

झटक्यांचा हा अहवाल ते संगणकावर टाइप करत. संगणक त्यांच्याकडे आला त्याचीही हकिगत बिला-इत्तिलाच होती. निवृत्तीनंतर ते सुलतान बाजारातल्या एका टायपिंगच्या क्लासात शॉर्टहँड शिकवायला जात. एका सकाळी गेले तर दारावर कॉम्प्युटर क्लासची नवी पाटी आणि आत एकही टाइपरायटर नाही. सगळे आदल्या दिवशी भंगारात किलोवर गेले होते. मालकाने चहा पाजला, आता शॉर्टहँडला कोण येतंय म्हणाला आणि निरोपादाखल एक जुना संगणक रिक्षात घालून दिला. काका पाटी बदलल्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. "काळ बदलतो, बदलू द्या," म्हणायचे. "पण संध्याकाळी मी त्या मशिनींवर झाकण घालून आलो होतो. एका शब्दाने कळवायला काय झालं होतं?"

त्या संगणकाला एक खोड होती. चालता चालता तो मध्येच काळा पडायचा आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. आठवड्यातून दोनदा, कधी रोज. आणि काकांना एक खोड होती. ते मजकूर मध्ये जतन करत नसत. मी त्यांना दहा वेळा दाखवलं, दोन कळा दाबायच्या की झालं. ते म्हणत, "पान भरल्याशिवाय मशिनीतून काढायचं नसतं. अर्धं पान ओढलं तर ओळ वाकडी होती." पडद्यावर कागद नाही हे त्यांना कळत होतं, पण बोटांना पटत नव्हतं. त्यामुळे पाऊण पान भरलं की संगणक जायचा आणि अहवाल त्याच्यासोबत जायचा. काका दोन्ही हात तसेच वर धरून बसलेले असायचे.

"गेला," ते आत कळवायचे. "तिसऱ्या पॅऱ्यात गेला. बिला-इत्तिला."

एकदा काकू आतून म्हणाल्या, "माझ्यासारखाच आहे मेला. उठल्यावर त्यालाही काही आठवत नसेल."

त्या दिवशी कोणी हसलं नाही. काकांनी नवं पान सुरू केलं.

मी रोज दिवसभर हेच काम करत होते, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. आणि काका "बघ ना जरा काय झालंय त्याला," असं म्हणाले की मी म्हणायचे, "बघते काका, रविवारी नक्की." असे किती रविवार गेले ते सांगण्यासारखं नाही. घरी आल्यावर मला संगणकाचं तोंडही बघायचं नसे.

मध्ये एक संध्याकाळ अशी आली. काका दुकानात गेले होते, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होते. काकू ओट्याशी कणीक मळत होत्या. एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "दूध लागलं का गं? जळका वास यायलाय."

मी म्हटलं, "काकू, दूध अजून आलंच नाही. गॅसही बंद आहे."

"मग कुठून यायलाय?"

"शेजारून येत असेल," म्हणून मी शेंगांची टरफलं गोळा केली आणि जिना चढू लागले. वर पोचायच्या आत खाली परात पडल्याचा आवाज झाला.

काका आले तेव्हा काकू भानावर येत होत्या. त्यांनी आधी काकूंच्या डोक्याखाली उशी दिली, मग वही उघडली. "तू होतीस ना इथं? आधी काही बोलली का ती?"

मी म्हटलं, "नाही, विशेष काही नाही. दुधाचं काहीतरी."

काकांनी पेन्सिल थांबवली, पण मी पुढे काही बोलले नाही. दूध ही काय सांगायची गोष्ट, असं मला खरंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी टाइप केलेल्या पानावर मी वाचलं, "कोणतीही पूर्वसूचना नाही." अहवालात प्रत्येक झटक्याखाली तेच वाक्य होतं.

अखेर एका सकाळी त्यांचं सलग दुसरं पान गेलं आणि ते काही न बोलता खुर्चीवर बसून राहिले, तेव्हा मला माझीच चीड आली. बस यायला दहा मिनिटं होती. मी पायात चपला घालूनच त्यांच्या संगणकापाशी बसले. माय कॉम्प्युटरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, सुरुवातीच्या सेटिंगचं शेवटचं बटण. तिथे एका छोट्या चौकोनात बरोबरची खूण होती: बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू करा. ती टिक मी काढून टाकली. दोन मिनिटांचं काम होतं. मी ते वर्षभर पुढे ढकललं होतं.

"हे बघा काका," मी म्हटलं, "बिघाड झाला की हा एक निळा पडदा दाखवतो. त्यावर का बिघडलं त्याचं कारण असतं. पण लगेच पुन्हा सुरू व्हायची त्याला सवय लावलेली होती, म्हणून तो पडदा दिसतच नव्हता. आता दिसेल. त्यावर जे काही असेल ते अक्षरन् अक्षर उतरवून घ्या, शून्यं सुद्धा. मग मी दुरुस्त करते."

काकांनी विचारलं, "म्हणजे तो कारण सांगायलाच होता? इतके दिवस?"

"हो."

"आणि आपल्याला वाचायला मिळेना."

"हो."

"मग त्याचा काही गुन्हा नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला बरं वाटलं. ते आत जाऊन काकूंना सांगून आले की तो बिला-इत्तिला जात नव्हता, इत्तिला देत होता.

मी दारात पोचले होते. मागून त्यांनी विचारलं, "पोरी, तो पडदा किती वेळ राहतो?"

बस वळणावर दिसत होती. मी पळता पळता ओरडले, "आता बघू तुमचा एकशेवीसचा स्पीड!"

उत्तर साधं होतं. तो पडदा जात नाही. टिक काढल्यावर तो जागचा हलत नाही, आपण हाताने बटण दाबून बंद करेपर्यंत तसाच राहतो. एक तास राहतो, दिवसभर राहतो. उतरवून घ्यायला कसलीही घाई नसते. हे एक वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. एक गंमत केली आणि बस पकडली.

त्यानंतर पाचव्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले तर दार सताड उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाणी टाकून पुसल्याचा ओलावा होता. दगडी रगड्याची कडही कोणीतरी धुतली होती. बाहेरच्या खोलीत संगणक चालू होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळ्या ओळी जशाच्या तशा. समोर वही, वहीवर पेन्सिल आडवी ठेवलेली.

समोरच्या घरातली यादम्मा धावत आली. ती तेलुगू, माझ्याशी दख्खनीत बोलायची. "स्टेनोसाब चिल्लाए तो मैं आई अम्मा. अक्का नीचे पड्के थे. सर से खून जारा था. आटो में डालके दवाखाने कू लेगए."

"कधी?"

"सुबू. ग्यारा बजे."

मी संगणकाचं बटण दाबून धरलं. तो निळा पडदा सकाळी अकरापासून तिथे होता. मी तो बंद केला, वही मिटली आणि दवाखान्यात गेले.

काकू तीन दिवस होत्या. शुद्धीवर आल्या नाहीत. काका पलंगाशेजारी स्टुलावर बसून होते. त्यांनी मला काय झालं ते क्रमाने सांगितलं, साहेबापुढे वाचावं तसं. ते अहवाल टाइप करत होते. निळा पडदा आला. त्यांनी वही ओढली आणि उतरवायला लागले. आत काहीतरी धप्प वाजलं तेव्हा शेवटची एक ओळ राहिली होती. ती पुरी केली, पेन्सिल ठेवली आणि सवयीने म्हणाले, "मी उठायलोय."

"मग आतून 'हौ, उठा' आलं नाही," ते म्हणाले. "तेव्हा मला कळलं."

पुढे म्हणाले, "या वेळी पण तिने काही कळवलं नाही बघ."

चौदाव्या दिवशी, घरातली माणसं पांगल्यावर, त्यांनी मला खाली हाक मारली. बाहेरच्या खोलीत सतरंजी गुंडाळून ठेवली होती. काकांनी चष्मा पुसला, खुर्चीवर ताठ बसले आणि ती वही उघडली.

"तू सांगितलं होतंस, अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. घेतलंय. त्या दिवसापासून उघडून बघायला फुरसत झाली नाही. मी वाचतो, तू लिहून घे. मशीन दुरुस्त करून टाक. अहवाल डॉक्टरला द्यायचाय, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल."

मला त्या यंत्राशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, पण त्यांना नाही म्हणवेना. मी कागद घेतला. काका वाचू लागले, त्यांच्या त्या सपाट, वाचायच्या आवाजात, मध्ये डोकं न आणता. आधी इंग्रजी वाक्यं, यंत्राचं नुकसान होऊ नये म्हणून ते थांबवलं आहे वगैरे. मग आकडे.

"झीरो, एक्स, झीरो, झीरो, झीरो, झीरो, सेव्हन. अहो, काही जळायलंय का. झीरो, झीरो, झीरो, फाइव्ह, बी. वास यायलाय हो मला. झीरो, झीरो, झीरो, झीरो. अहो. झीरो, झीरो, ए, फोर. अहो, जरा इकडं या. झीरो, झीरो, झीरो, झीरो."

आवाज काकूंचा होता. म्हणजे सूर काकूंचा, भाजीवालीचा सूर यायचा तसा. माझी पेन्सिल पहिल्या वाक्यालाच थांबली होती. त्यांचं वाचन थांबलं नाही. शेवटच्या शून्यापर्यंत त्यांनी वाचलं, पान उलटलं, पुढे कोरं पान पाहिलं आणि वही मिटली.

"झालं," ते म्हणाले.

मग त्यांचा हात वहीवर तसाच राहिला. डोकं मागून येत होतं. मी ते येताना पाहिलं, आणि थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी वही पुन्हा उघडली. बोट त्या ओळीवर ठेवलं. शॉर्टहँडच्या त्या बारीक रेघा, आकड्यांच्या मधोमध, एकही टोक न मोडता काढलेल्या.

"ती बोलली," ते म्हणाले. "हे मी घेतलंय. हे माझ्या हातचंय."

त्यांचं बोट पुढच्या रेघांवरून सरकलं.

"इत्तिला दिली होती तिने. चारदा दिली."

जळका वास हीच ती खूण होती. वर्षभर ते जी शोधत होते ती त्यांच्या वहीत होती, आणि त्याच्या किती तरी आधी मी उंबऱ्यावर शेंगा सोलत असताना माझ्या कानावर येऊन गेली होती. मी त्यांना दुधाचं तेव्हाही नीट सांगितलं नाही आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तो पडदा किती वेळ राहिला असता?"

तोच प्रश्न होता. या वेळी कुठलीही बस यायची नव्हती.

"थोडाच वेळ काका," मी म्हटलं. "पंधरा-वीस सेकंद. तुम्ही भराभर उतरवलं नसतं तर गेलाच असता."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही मला माहीत नाही. मी आयुष्यात बरंच खोटं बोलले आहे, पण इतकं सावकाश आणि इतकं स्पष्ट कधी बोलले नाही.

"ती टिक परत लाव," ते म्हणाले.

"काका, मी तो पूर्ण दुरुस्त करून देते. आता कारण कळलंय..."

"नक्को. परत लाव. त्याला जायचं तर जाऊ दे. मला वाचायला नक्को."

मी संगणक सुरू केला. उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, शेवटचं बटण. चौकोनात टिक लावली आणि त्यांना दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं. मग खिशातल्या दोन्ही पेन्सिली काढून वहीवर ठेवल्या आणि वही माझ्याकडे सरकवली.

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. काका खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले आणि अर्धवट उठून क्षणभर थांबले. मी वाट पाहिली. ते काहीच न म्हणता उठले आणि अंधारात घराबाहेर, दारापुढच्या पायरीवर जाऊन बसले. मागाहून मी दिवा लावला.